पाखऱ्याची म्होरकी

बैल पाडलेला होता. चारी पाय दोरखंडानं एकत्र आवळलेले, मानेवर मुबशिराचा गुडघा, आणि तिचे अब्बा बादशाह नालबंद त्याच्या खुराला लोखंडी पत्री मारत बसलेले. कारखान्याचा हंगाम सुरू होऊन आठवडा झाला होता. ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे बैल सणसरच्या फाट्यावर लिंबाखाली रांगेत उभे होते. शेण, घाम, उसाच्या वाड्याचा हिरवा वास. प्रेमात पडायची ही जागा नव्हे, हे मुबशिराला कुणी सांगायची गरज नव्हती. ती चोवीस वर्षांची होती, बी.कॉम. होती, आणि सकाळपासून सात बैल तिनं दाबून धरले होते.

"बाजूला! ओ... बाजूला व्हा!"

कालव्याच्या भरावावरून एक तांबडा घोडा सुसाट खाली आला. वरचा स्वार मागं रेलून दोन्ही हातांनी लगाम ओढत होता, आणि जितका तो ओढत होता तितका घोडा पेटत होता. रांग फुटली. गाडीवान उसाच्या मोळ्यांआड पळाले. मुबशिराला उठता येईना. गुडघा काढला असता तर बैलानं झाडलेली लाथ थेट अब्बांच्या तोंडावर बसली असती. तिनं बैलाच्या मानेवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

अंगावरून एक सावली गेली. गालावर ऊन ऊन थेंब पडला. घाम असेल म्हणून तिनं पुसला, तर बोटाला रक्त.

घोडा बैलासकट तिला ओलांडून पलीकडच्या नांगरटीत घुसला. तिथं ढेकळांनीच त्याला थांबवलं. मग स्वार त्याला चालवत परत घेऊन आला. उंच, सावळा, शर्टाची एक बाही खांद्यातून उसवलेली.

"लागलं का कुणाला?"

"बैलाला विचारा," मुबशिरा उठत म्हणाली. पत्री बसली होती, अब्बांनी दोर सोडला होता. "आमच्या डोक्यावरनं रस्ता काढलाय तुमी. टोल द्या."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. खिशाकडं हात नेला आणि ओरडणं ओठांत दाबलं. तळव्यांची सालटी निघाली होती.

"किती टोल?"

"अजून ठरवला न्हाय. हात दाखवा."

खुरांना लावायच्या मलमाचा डबा तिनं उघडला. "बैलाचं हाय, पण गुण येतो. फक्त चार दिवस हंबरायचं न्हाय."

आता मात्र तो हसला. आणि कसला हसला! मुबशिरानं पटकन डब्याचं झाकण लावलं. तळवा अजून अर्धाच माखला होता.

"अयान," तो म्हणाला. "अयान मुलाणी. हितलाच, वरच्या आळीचा. सहा वर्षं पुण्याला घोड्यांच्या क्लबात होतो, आता दोन महिने शेळगावच्या मोहनरावांचा घोडा बघतो. आन् चाचा, मी तुमच्याकडंच येत होतो. म्हंजे... ह्यानं जरा लवकर आणलं."

मुबशिरा घोड्याकडं गेली. तोंडाला गुलाबी फेस होता. ओठाच्या कोपऱ्यात तिनं अंगठा घातला, तोंड उघडलं. आत लगामाची, तारेच्या पिळाची कडी होती, आणि कडीखाली जीभ. जिभेच्या डाव्या कडेला एक जुनी खाच होती, अख्खं बोट बसेल एवढी. मांसाचा तेवढा तुकडा कधीचाच गेलेला.

तिनं कपाळ बघितलं. पांढरा टिळा, डावीकडं कललेला, पंख पसरलेल्या पाखरासारखा.

पाखऱ्या.

अब्बाही जवळ आले होते. त्यांनीही बघितलं. ते माघारी गेले, दुसरा बैल पाडायला लावला आणि खिळा ठोकला. खिळा वाकला. चाळीस वर्षांत बादशाह नालबंदाचा खिळा वाकलेला फाट्यावर कुणी पाहिला नव्हता.

"मोहनरावांनी काटेरी कडी करून मागितलीय," अयान सांगत होता. "रविवारी बारामतीत घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा हायत. ह्याच्यासारखी उडी अख्ख्या तालुक्यात कुणाची न्हाय, पण आवरतच न्हाय ओ. साधी कडी घातली. रबराची घातली. ही तारेची घातली. काटेरी हाच शेवटचा इलाज म्हणतात ते. न्हायतर घोडा इकायचा आन् मला घरी धाडायचं."

"आन् तुमी काय म्हणता?" मुबशिरानं विचारलं.

"मी म्हणतो, आणखी किती लोखंड घालायचं?"

"शनिवारी न्या," अब्बा मान वर न करता म्हणाले.

*

काटेरी कडी म्हणजे काय, ते एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं. नवरदेव घोड्यावर बसतो, पुढं हलगी कडाडते, मित्रमंडळी नाचतात आणि घोडा पुढचे दोन पाय उचलून थयथयतो. लोक म्हणतात, काय नाचतोय बघा, जनावराला पण आनंद झालाय! आनंद नसतो तो. कडीला आतून काटे असतात. लगाम ओढला की ते जिभेत शिरतात आणि जनावर दुखण्यापासून वर पळायला बघतं. नवरदेव एका संध्याकाळचा राजा होतो, आणि त्याच्या खालचा जीव दहा-दहा वर्षं स्वतःचं रक्त गिळतो. लग्नाच्या फोटोत ते रक्त दिसत नाही. फोटोवाला घोड्याचं तोंड घेतच नाही.

गुरुवारी मुबशिरा स्कूटीवरून शेळगावला गेली. घोड्याचे नाल बघायचे आहेत, असं तिनं घरी सांगितलं. डिकीत मात्र नालांच्या पिशवीखाली सुती दोराची म्होरकी होती. खोंडाच्या तोंडावर चढवतात तशीच, पण मापानं मोठी. नाकावरून एक पट्टी, कानामागून एक. तोंडात काहीच नाही.

अयाननं ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ही? ह्याच्यावर? खाली पाचशे किलोचं जनावर, पुढं माझ्या छातीएवढा दांडा, आन् तोंडात काय न्हाय? माझी आई एकटी हाय ओ घरात."

"वरातीचा घोडा कसा शिकवतात, माहितीय?"

"न्हाय."

"हलगी वाजली की लगाम ओढायचा. ओढला की पाय उचलायचे, उसळायचं. न्हाय उसळला तर आणखी ओढायचा. चार-पाच वर्षं हेच. मग त्याच्या डोक्यात एकच बसतं – तोंड ओढलं की वर जायचं, पुढं जायचं, जीव घिऊन पळायचं. हा वरातीचा घोडा हाय. पाखऱ्या म्हणायचे ह्याला."

घोड्याच्या मानेवर अयानचा हात होता, तो तिथंच राहिला.

"म्हंजे मी थांब म्हणतोय..."

"...आन् तुमी त्याला नाचवताय. दोन महिने."

"तुमाला हे सगळं कसं ठाऊक?"

मुबशिरानं म्होरकीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "नालबंदाची पोर हाय मी," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण खऱ्याचा मोठा तुकडा तिनं जिभेखाली ठेवला होता, आणि तो टोचत होता.

नाकाचं मऊ हाड सोडून, गालफडाच्या टोकापासून दोन बोटं खाली तिनं पट्टी बसवली. "ह्याच्याखाली बांधली तर श्वास कोंडतो. आन् एक ध्यानात ठिवा, म्होरकी म्हंजे काय ताईत न्हाय. हात वाईट असला तर दोरीपण वळ उठवते."

"माझा हात वाईट हाय?"

"बघूया की." तिनं दुसरी दोरी घेतली, तिचा मधला भाग स्वतःच्या मुठींत धरला आणि दोन्ही टोकं त्याच्याकडं फेकली. पाठ फिरवून डोळे मिटले. "मी घोडा. डावीकडं वळायला सांगा. तोंडानं न्हाय, हातानं."

डावीकडून असा हिसका आला की ती कोलमडलीच.

"चहाचा कप एवढ्यानं उचलता का तुमी?"

"चुकलं."

पुन्हा. आता जरा हलकं. ती वळली. "धरा आन् लगेच सोडा. सोडणं म्हंजेच शाबासकी. धरूनच ठिवलं तर त्याला कळणार कसं, आपलं बरोबर आलं म्हणून?"

धर, सोड. उजवीकडं. धर, सोड. रिंगणातल्या रेतीवर तिच्या चपला खसखसत होत्या. चौथ्या-पाचव्या फेरीला दोरीतलं ओढणंच संपलं. नुसती चाहूल यायची. करंगळी मिटल्याची, मनगट हलल्याची. डोळे मिटलेल्या मुबशिराला कळायचं, आता हा वळ म्हणतोय, आता हळू म्हणतोय... आणि अंगावर शहारा यायचा. लाजेनं तिचे कान तापले. दोरी तिच्याच घरची, खेळ तिनंच मांडलेला, आणि तीच त्यात अडकत चालली होती.

"आता थांब म्हणू?" अगदी जवळून आवाज आला.

"म्हणा."

त्यानं हात उघडला. दोरी सैल पडली. ती थांबली. डोळे उघडले तेव्हा तो दोन पावलांवर होता, आणि दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना. पाखऱ्यानं मान खाली टाकून मोठ्ठा फुर्रर्र केला.

"ह्यो हसतोय आपल्याला," अयान म्हणाला.

"हसू दे. त्याला आज पहिल्यांदा तोंड मोकळं मिळालंय."

*

शुक्रवारी पाखऱ्यानं म्होरकीवर सात दांडे उडीत पार केले, एकामागून एक, दुडक्या चालीत, कान पुढं करून. मुबशिरा कुंपणाला टेकून बघत होती. तिच्या मनात एक भीती होती. लोखंडाला घाबरून उडी मारणारं जनावर लोखंड काढल्यावर उडी मारेल का? मारली! भीती गेली तरी उडी शिल्लक होती. म्हणजे ती त्याची स्वतःची होती.

तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं लग्नाची सुपारी फोडायला निघालेला टेम्पो गेला. मागं हलगीवाले. पहिला ठोका पडला आणि पाखऱ्याची पाठ कमानीसारखी वर आली.

"सोडा!" मुबशिरा किंचाळली. "हात सोडा!"

पण सहा वर्षांची सवय दोन दिवसांत जाते होय? अयाननं जीव खाऊन ओढलं. घोडा सरळ उभा राहिला, हवेत पाय झाडले, आणि अयान खांद्यावर आपटला.

मोहनराव तबेल्याच्या ओट्यावरच उभे होते. पन्नास एकर बागायत, पांढरी टोपी. माणूस दुष्ट नव्हता. फक्त त्यांना कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "वासराच्या दाव्यानं घोडं आवरायला निघालेत. अयान, उद्या बादशाहभाईकडनं कडी आण. रविवारी ती घालूनच उतरायचं. पटत नसंल तर आताच सांग, दुसरा स्वार बघतो."

अयान खांदा धरून बसला होता. मुबशिरा बाटली घेऊन गेली तर पाणी न पिता त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"तू ह्याला आधी बघितलंयस," तो म्हणाला. तुमीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. "पाखऱ्या हे नाव मोहनरावांनासुदिक ठाऊक न्हाय. कुणाचा होता ह्यो? कुणी केली ह्याची जीभ अशी?"

मुबशिरानं बाटली खाली ठेवली आणि स्कूटीला किक मारली. भित्री. स्वतःला तिनं वाटभर हाच एक शब्द ऐकवला.

*

शनिवारी सकाळी अब्बांची भट्टी पेटलेली होती. भाता कुणी ओढायचा म्हणून ते तिची वाट बघत होते. ऐरणीवर कडी तयार होत आली होती. एका बाजूला चार काटे, दुसऱ्या बाजूचे चार व्हायचे होते.

"ये पोरी. लोखंड थंड होतंय."

"मी भाता ओढणार न्हाय."

अब्बांनी सांडस खाली ठेवली नाही.

"गिऱ्हाईक मागंल ते द्यायचं. लोखंडाला काय कळतंय कुणाच्या तोंडात जातंय ते?"

"लोखंडाला न्हाय कळत. तुमाला कळतं. पाखऱ्याच हाय तो, अब्बा. लोणी भापकरच्या वरातवाल्या जोतीरामांचा. शिंगरू होतं तेव्हा. तुमी कडी केली आन् भाता मी ओढला. अकरावीत होते मी. जोतीराम म्हणाले, काटे जरा लांब ठिवा. तुमी ठिवले. आन् मी इचारलं होतं, दुखणार न्हाय का ओ त्याला? तुमी काय म्हणला होता, आठवतंय?"

अब्बांनी सांडशीतली कडी उलटी केली.

"म्हणला होता, जनावराला सवय होऊन जाती. बघितलीत ना त्या दिवशी ती सवय? बोट जातंय जिभेतनं!"

आतून तिची आई ताजबी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात आली. "मुबा, बापाशी असं बोलतात का?"

"मग कुणाशी बोलू, अम्मी?"

ती तिथून निघाली ती थेट शेळगावला. अयान डाव्या हातानं पाखऱ्याला खरारा करत होता. उजवा खांदा निळाकाळा सुजलेला. तिनं पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. जोतीराम, कडी, लांब काटे, भाता. एक अक्षर गाळलं नाही.

खरारा थांबला.

"परवा माझ्या हातात दोरी दिऊन तू घोडा झालीस," अयान म्हणाला. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "तेव्हा सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"काल मी पडायच्या आधी?"

"तेव्हापण."

"मग?"

"अब्बांचं नाव हाय फाट्यावर. चाळीस वर्षांचं. आन्..." तिनं पाखऱ्याकडं बघितलं. "तू माझ्याकडं बघत होतास तसं बघायचा थांबला असतास. म्हणून."

मग खरारा पुन्हा सुरू झाला, घोड्याच्या पाठीवरून, एकसारखा.

"जा आता," तो म्हणाला.

ती गेली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर अडकली आणि हेल्मेटच्या आत, कुणाला दिसणार नाही असं, पोटभर रडली.

*

रविवारी ती बारामतीला जाणारच नव्हती. सकाळी अब्बाच म्हणाले, "गाडी काढ."

त्यांच्या मांडीवर घोंगडीच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. वाटभर मुबशिरानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मैदानावर मांडव, लाउडस्पीकर, रंगवलेले दांडे. मोहनराव घोड्याजवळ उभे होते. अयानच्या एका हातात ती जुनी तारेची कडी आणि दुसऱ्या हातात सुती म्होरकी होती. दोन्हीकडं तो असा बघत होता की रात्रभर झोपला नाही, हे कुणीही सांगितलं असतं. मुबशिरा दिसली. त्यानं नजर वळवली नाही, पण हसलाही नाही.

"या बादशाहभाई! काल द्यायची ती कडी आज होय?" मोहनराव म्हणाले. "आणा."

अब्बांनी गाठोडं सोडलं. आत लोखंड नव्हतं. रुंद चामड्याची म्होरकी होती, हातानं शिवलेली, नाकावरच्या पट्टीला आतून घोंगडीचं मऊ अस्तर, दोन्ही बाजूंना लगामासाठी गुळगुळीत घासलेल्या पितळी कड्या.

"हे काय?"

"मोहनराव," अब्बा म्हणाले. आजूबाजूचे चार लोक थांबले, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही. "ह्या जनावराची जीभ मी फाडलीय. आठ वर्षांमागं जोतीरामांना कडी करून दिली ती माझ्या हातची. तुमी मागितलेली अर्धी झाली होती. काल पोरगी निघून गेल्यावर ती मी माझ्याच तोंडात धरून बघितली. जल्मात पहिल्यांदा. दातानं जरा दाबली आन्..." त्यांनी हातानंच पुरे म्हटलं. "आता माझं लोखंड ह्याच्या तोंडात जाणार न्हाय. कुणाच्याच न्हाय."

मोहनरावांचा चेहरा लाल झाला. "मग जुनी घाला! अयान, बघतोस काय?"

अयान पंचांकडं गेला, काहीतरी विचारलं, परत आला. "तोंडात कडी पायजेच असा नियम न्हाय. म्होरकी चालती." मग त्यानं तारेची कडी मोहनरावांच्या हातात ठेवली. अदबीनं, दोन्ही हातांनी. "मी ह्याच्यावर जाणार, दादा. न्हायतर दुसरा स्वार बघा. मी चालत सणसरला जाईन."

मोहनराव कडीकडं बघत राहिले. तारेच्या पिळात वाळलेलं रक्त होतं. ती कडी त्यांनी आजवर कधी हातात घेऊन पाहिली नव्हती.

"पडलास तर मी जबाबदार न्हाय," शेवटी ते पुटपुटले.

अब्बा म्होरकी घेऊन पुढं झाले. त्यांचा हात नाकाजवळ येताच पाखऱ्या थरारला आणि दोन पावलं मागं सरकला. अब्बा हात पुढं करून तसेच उभे राहिले. घोड्यानं तोंड फिरवलं. माफी मागितली की मिळते, असं माणसांच्यात म्हणतात. जनावर तसलं काही मानत नाही.

"तू बांध, पोरी," अब्बा म्हणाले. "ह्यो माझा वास ओळखतो."

मुबशिरानं बांधली. गालफडाखाली दोन बोटं. लगाम अयानच्या हातात देताना त्याची करंगळी मिटली. एवढीशी. जी फक्त दोरीचं दुसरं टोक धरणाऱ्याला कळते.

*

आठ दांडे होते. पहिले चार पाखऱ्यानं असे ओलांडले की माईकवाला बोलायचं विसरला. पाचव्याकडं वळताना मांडवामागं कुणीतरी, आधीच्या फेरीतल्या कुणाच्या तरी जिंकण्याच्या खुशीत, हलगीवर थाप मारली.

पाखऱ्याची पाठ वर आली. मुबशिराच्या नखांनी कुंपणाचं लाकूड कोरलं. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता ओरडून उपयोग नव्हता. हात तिचे नव्हते.

अयानचा उजवा खांदा आखडलेला तिला दिसला. मुठी आवळत चाललेल्या दिसल्या. आणि मग, सगळं अंग ओढ म्हणत असताना, त्या माणसानं हात उघडले. लगाम सैल पडला. घोड्याच्या मानेकडं वाकून तो काहीतरी बोलला. पाखऱ्यानं एक उसळी मारली, दुसरी मारली... आणि तिसरी मारलीच नाही. जे दुखायला हवं होतं ते दुखलंच नाही! त्याचे कान मागंपुढं झाले, मान खाली आली, मोठ्ठा फुर्रर्र. हलगी वाजतच होती. तो पाचव्या दांड्यावरून गेला.

शेवटच्या उडीत मागच्या खुरानं एक दांडा पडला. चौथा नंबर. ढाल नाही, फुलांचा हार नाही. अयाननं घोडा वळवला, हात उघडला, आणि पाखऱ्या मैदानाच्या मधोमध थांबला. आपण होऊन.

"दांडा पाडलास," मोहनराव म्हणाले. मग टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "पण दोन महिन्यांत आज पहिल्यांदा तू घोड्याला घिऊन आलास. न्हायतर रोज घोडं तुला घिऊन यायचं. ह्यापुढं नाल बघायला ह्या पोरीलाच बोलव."

अयान मुबशिराशी बोलायला वळला. पण ती अब्बांना घेऊन निघाली होती. गर्दीतून जाताना कुणीतरी म्हणालं, हाच तो, घोड्याच्या जिभा फाडणारा. अब्बांनी ऐकलं. तिनं त्यांचा हात घट्ट धरला. घरी जाऊन ते तासभर विझल्या भट्टीसमोर बसले आणि मग करून ठेवलेले सगळे काटे न मोजता, एका पोत्यात भरून, भंगारात टाकून आले.

*

बारामतीतलं बोलणं फाट्यावर पोचलं होतं; पुढच्या बुधवारी तिथं रांग निम्मी होती. वरातवाल्यांनी तर पाठच फिरवली होती. बैल पाडलेला, मानेवर मुबशिराचा गुडघा, अब्बांच्या हातात हातोडा.

कालव्याच्या भरावावरून तांबडा घोडा खाली आला. चालत. लगाम मानेवर सैल टाकलेला. बैलापासून चार हातांवर तो थांबला. अयाननं थांबवलेलं कुणाला दिसलं नाही.

"रस्ता पलीकडनं हाय," मुबशिरा म्हणाली. छातीत धडधडत होतं, पण तोंड अजून तिच्या ताब्यात होतं.

"टोल द्यायचा राहिलाय."

"अजून ठरवला न्हाय मी."

तो उतरला. तिला उठता येत नव्हतं, गुडघा काढला असता तर बैल सुटला असता. म्हणून तोच खाली बसला. त्या शेणात, धुळीत, तिच्यासमोर.

"शनिवारी जा म्हणालो, ते रागात म्हणालो," तो म्हणाला. "राग खरा होता. आन् रात्रभर मीपण मोजत बसलो. पुण्याला सहा वर्षांत मी किती तोंडं ओढली ती. साहेब म्हणायचे, ओढ. मी ओढायचो. कुणी सांगितलं म्हणून भाता ओढणारी तू एकटी न्हायस." तो थांबला. "मला तू पायजेस, मुबशिरा. आमच्या आईला मी सांगून आलोय. पण तू सांग. तुला ओढणार न्हाय मी. म्हणशील ते... म्हणशील तसं."

गाडीवान उसाच्या मोळीवर पुढं सरकून बसले होते. त्यांना कसली घाई!

"ठरव की गं," अब्बा मान वर न करता म्हणाले. "बैल किती येळ धरून ठिवायचा?"

"हात दाखवा," मुबशिरा म्हणाली.

अयाननं दोन्ही तळवे पुढं केले. जुनी सालटी गळून खाली नवी कातडी आली होती, गुलाबी, कोवळी. तिनं बैलाच्या दोरावरचा एक हात काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. धरला नाही. नुसता ठेवला.

"एवढाच टोल," ती म्हणाली. "पण रोज द्यायचा."

पाखऱ्या लिंबाखाली मोकळ्या तोंडानं वाडं चघळत होता. अब्बांनी चौथा खिळा खुरावर टेकवला, हातोडा उचलला. खिळा सरळ गेला.